सोडियमचा दिवा, सासूबाईंचं दही आणि एलईडी: दहा महिन्यांचा घोळ

आमच्या कर्वेनगरच्या घरातल्या मागच्या खोलीत सात वर्षं रस्त्यावरचा दिवा लावलेला होता. खरंच रस्त्यावरचा. २०१७ साली एका रविवारी सकाळी नवऱ्याने जुन्या बाजारातून ४०० वॅटचा सोडियम व्हेपर, त्याचा विटेपेक्षा जड चोक, इग्नायटर, कपॅसिटर आणि पत्र्याचा रिफ्लेक्टर असं सगळं मिळून ९०० रुपयांना उचललं होतं आणि घरी आल्यावर आठवडाभर त्याचीच फुशारकी चालू होती. सोसायटीत सगळे त्याला हॅलोजन म्हणायचे. हॅलोजन वेगळा, सोडियम वेगळा, पण वॉचमनकाकांना ते सांगून काही उपयोग नसतो.

खोली उत्तरेची, समोरची बिल्डिंग बारा फुटांवर, ऊन म्हणून येत नाही. गच्ची सोसायटीची, किल्ली सेक्रेटरींकडे. त्यामुळे जे काय लावायचं ते घरात. सोडियमखाली तीन बाय तीन फुटांत लेट्यूस आणि बेसिल, शेजारी स्लॉटेड अँगलच्या रॅकवर सहा ट्यूबलाईट्स (३६ वॅटच्या, जुने तांब्याचे चोकवाल्या), त्यांच्याखाली मेथी, मोहरी, मुळ्याचे मायक्रोग्रीन्स (म्हणजे कोवळी रोपंच कापून खायची) आणि सगळ्यात खालच्या फळीवर सासूबाईंची सात आफ्रिकन व्हायलेट्स. विकत वगैरे काही नाही, घरात खातो आणि मजल्यावर वाटतो.

हे सगळं काढून एलईडी लावायला मला एप्रिल २०२४ ते फेब्रुवारी २०२५ एवढा वेळ लागला. दिवे बदलायला एक दिवस लागला, बाकीचे साडेनऊ महिने कशात गेले ते लिहितेय, कारण मी शोधत होते तेव्हा मला मराठीत असं सलग कुठे मिळालं नाही.

सुरुवात एप्रिलमधे झाली. पुण्यात पारा चाळिशी गाठत होता आणि आमच्या त्या खोलीत दुपारी ३८. लेट्यूस म्हणजे थंडीचं पीक, त्याने सरळ उंच दांडा काढला, पानं कडू झाली. मी दिवा रात्री लावून दिवसा बंद ठेवायला लागले, तरी खोली पहाटेपर्यंत भट्टी. त्यात सोडियमने नवीनच चाळा सुरू केला, अर्धा तास नीट जळायचा, मग आपोआप विझायचा, चार-पाच मिनिटांनी परत गुलाबी होऊन हळूहळू पिवळा व्हायचा, परत विझायचा. मला वाटलं वायरिंग. इलेक्ट्रिशियन म्हणाला बल्ब म्हातारा झालाय, सोडियम म्हातारा झाला की असंच करतो, त्याला जळत राहायला जास्त व्होल्टेज लागायला लागतं आणि चोक ते देऊ शकत नाही. नवीन बल्ब टाका नाहीतर काढून टाका.

त्याच आठवड्यात एसी आणि सोडियम एकत्र चालू असताना दोनदा एमसीबी पडला. मग बिल नीट वाचलं (एरवी आपण फक्त खालचा आकडा वाचतो). त्यावर ‘मंजूर भार’ म्हणून एक रकाना असतो, म्हणजे घरात एका वेळी किती वीज खेचायला परवानगी आहे ते, आमचा दोन किलोवॅट. तो वाढवून घ्यायचा म्हणून चौकशी केली तर ए-वन अर्ज, लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनचा टेस्ट रिपोर्ट, घराची कागदपत्रं आणि वाढीव भाराचे पैसे. कागद जमवायला बसले आणि अर्ध्यात थांबले, की आपण नक्की कशासाठी भार वाढवतोय, कोथिंबिरीपेक्षा महाग पडणाऱ्या लेट्यूससाठी? आधी मोजूया म्हटलं.

इथे पहिली टीप. प्लगमधे लावायचं वॅट मीटर घ्या, मला ९५० रुपयांना पडलं. भिंतीचा सॉकेट आणि उपकरण यांच्या मधे लावायचं, किती वॅट खेचतोय ते दिसतं. ते मी सगळ्यात आधी घ्यायला हवं होतं पण घेतलं दुसऱ्या नंबरवर, त्यामुळे काय झालं ते पुढे येतंच आहे. आत्ता नुसते आकडे सांगते: ४०० वॅटचा सोडियम प्रत्यक्षात ४४५ खात होता, वरचे ४५ चोकचे. ३६ वॅटची ट्यूब चोक धरून ४८. म्हणजे सहा ट्यूबचे २८८. सोडियम १२ तास, ट्यूब १४ तास, दिवसाला साडेनऊ युनिटच्या आसपास, महिन्याला २८०. आमचं बाकीचं घर १९० मधे भागतं! पाहुणा घरच्यांपेक्षा जास्त जेवत होता.

मे महिना वाचनात गेला. अडलं ते वॅट, लुमेन आणि मायक्रोमोल या तिघांत. मला समजलं तसं सांगते. लुमेन हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे. आपल्या डोळ्याला पिवळा-हिरवा रंग सगळ्यात लख्ख दिसतो, म्हणून सोडियमकडे बघवत नाही आणि आपल्याला वाटतं केवढा उजेड. झाडाला तुमच्या डोळ्याशी घेणंदेणं नाही, ते ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले प्रकाशाचे कण मोजतं. एका सेकंदात एका चौरस मीटरवर किती कण पडले ते मायक्रोमोलमधे सांगतात, त्याला पीपीएफडी म्हणतात. दिव्याची खरी किंमत म्हणजे एक वॅट खाऊन तो सेकंदाला किती मायक्रोमोल देतो. माझ्याकडे होता तसा जुना ४०० वॅटचा सोडियम एक-सव्वा देतो, चोकवाल्या ट्यूब त्याहून कमी, आणि चांगला एलईडी अडीचच्या पुढे. बास, एवढं कळलं की अर्ध्या जाहिराती आपोआप गळतात.

पीपीएफडीचं खरं मीटर माझ्या आवाक्यात नव्हतं, तर मी फोनमधलं लक्स (एका चौरस मीटरवर किती लुमेन पडतात ते) मोजायचं फुकट ॲप वापरलं. पीपीएफडीचा अंदाज काढायला पांढऱ्या एलईडीखाली लक्सला साधारण ७० ने भागायचं, सोडियमखाली ८० च्या थोडं वर, उन्हात ५४. फोनचा सेन्सर काही फार शहाणा नसतो पण दहा हजार आणि तीस हजारातला फरक त्याला कळतो, आणि आपल्याला तेवढंच पाहिजे.

आता माझा मूर्खपणा. एवढं वाचूनसुद्धा २२ मे ला रात्री साडेअकराला मी ऑनलाइन ‘१००० वॅट ग्रो लाईट’ मागवला, ३,२९९ रुपये, चार हजार रिव्ह्यू, साडेचार स्टार. २८ ला आला. जांभळा. लावला तर खोली वरातीच्या ट्रकसारखी दिसायला लागली, खाली नाचायला माणसं तेवढी कमी. सासूबाई दारातूनच परत फिरल्या. जांभळ्या उजेडात झाडं वाढतात, खोटं नाही, लाल आणि निळा प्रकाश पानं चांगला खातात, पण त्या उजेडात पान पिवळं पडलंय की हिरवं आहे, मावा लागलाय की नाही, काहीच दिसत नाही, सगळं काळंनिळं. रोज झाडं बघायला बॅटरी घेऊन जायचं म्हणजे कमाल झाली.

१० जूनला वॅट मीटर आलं. लावलं. ९२ वॅट. १००० कुठे आणि ९२ कुठे! विक्रेत्याचं म्हणणं, हजार म्हणजे ‘समतुल्य’. कशाच्या समतुल्य ते त्यांनाही माहीत नव्हतं. परत करायची सात दिवसांची मुदत उलटून गेलेली. मग १३ जूनला १९१५ ला फोन केला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. हे आवर्जून सांगते कारण मला स्वतःला वाटलं होतं की काही होणार नाही. मराठीत बोलता येतं. ऑर्डर नंबर, बिल, विक्रेत्याशी झालेल्या बोलण्याचे स्क्रीनशॉट आणि तक्रार चार ओळीत, एवढं तयार ठेवा. मी मीटरचा फोटो पण जोडला, ज्यात पाटीवरचं ‘१०००’ आणि मीटरवरचं ‘९२’ एकाच फ्रेममधे आहे. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मिळाला. मधे दोनदा ‘तुमची तक्रार बंद करण्यात येत आहे का’ असा मेसेज आला, दोन्ही वेळा नाही म्हटलं. ४ जुलैला पैसे परत, कुरियरचे १८० माझ्या खिशातून. खरं सांगायचं तर पैशापेक्षा त्या फोटोचा आनंद जास्त होता.

जुलैच्या एका शनिवारी भर पावसात तपकीर गल्ली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बुधवार पेठेत, पुण्यातलं इलेक्ट्रिकचं सगळं तिथे मिळतं आणि गाडी लावायला जागा सोडून सगळं मिळतं. मंडईच्या पार्किंगला गाडी लावून चालत जा. मला रॅकसाठी ट्यूब पाहिजे होत्या. तिसऱ्या दुकानातल्या काकांनी विचारलं, “मॅडम, किती बाय कितीची खोली?” म्हटलं खोलीसाठी नाही, झाडांसाठी. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं काही मी कुत्र्यासाठी साडी मागितली. “अहो गच्चीत ठेवा की झाडं.” मग गच्चीची किल्ली, सेक्रेटरी, सगळी कहाणी झाली आणि त्यानंतर मात्र काकांनी जे शिकवलं ते कुठल्या व्हिडिओत नव्हतं.

एक तर जुन्या पट्टीतच एलईडी ट्यूब टाकायची असेल तर स्टार्टर काढायचा आणि चोक बायपास करायचा, नाहीतर काही ट्यूब पेटतात पण चोक आपला मधे बसून खातच राहतो. ती कटकट नको म्हणून सरळ बॅटन (पट्टी आणि एलईडी एकत्रच असलेली ट्यूब) घ्या. दुसरं, डब्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक आहे का बघा. तिसरं, दिवा लावून फोनचा कॅमेरा त्याच्यासमोर धरा, स्क्रीनवर काळे पट्टे जोरात सरकताना दिसले तर ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज पुरवणारा भाग, स्वस्तातला आहे. झाडाला त्याने काही होत नाही, पण त्या खोलीत तासभर काम करणाऱ्याचं डोकं दुखतं. मी २० वॅटचे सहा बॅटन घेतले, ३३० ला एक. चार ‘कूल डेलाइट’, दोन ‘नॅचरल व्हाईट’. मायक्रोग्रीन्सला स्पेशल ग्रो लाईट लागत नाही हो, आठ-दहा दिवसांचं पीक ते, साधा पांढरा बॅटन वीतभर उंचीवर ठेवला की पुरे. यावर लोक फार पैसे घालवतात.

लेट्यूससाठी मात्र एलईडीचा बोर्ड घेतला, म्हणजे सपाट पत्र्यावर एलईडी बसवलेला दिवा. २०० वॅटचा, पांढऱ्या एलईडींमधे ६६० नॅनोमीटरचे लाल पेरलेले, मीनवेल कंपनीचा ड्रायव्हर, उजेड कमी-जास्त करायला डिमर. १८ टक्के जीएसटी धरून ११,८००. मागवायच्या आधी विक्रेत्याला तीनच प्रश्न विचारले: भिंतीतून नक्की किती वॅट खेचतो, कुठल्या उंचीवर किती पीपीएफडी पडतो त्याचा नकाशा आहे का, आणि ड्रायव्हर गेला तर एकटा बदलून मिळेल का. पहिल्या दोन विक्रेत्यांनी ‘बेस्ट क्वालिटी मॅम’ एवढंच उत्तर दिलं. तिसऱ्याने तक्ता पाठवला, त्याच्याकडून घेतला. ५ ऑगस्टला ऑर्डर, १४ ला घरी.

१८ ऑगस्ट, रविवार. इलेक्ट्रिशियन दादा आले, सोडियम उतरवला. चोक उतरवताना नवरा खाली हात धरून उभा, जसं काही बाळ घेतोय. बॅटन तासाभरात लागले. बोर्ड लटकवला, चालू केला, आणि मी उंची बदलायला ॲल्युमिनियमला हात लावला तर बोटाला झिणझिण्या. जोरात नाही, मुंग्या आल्यासारखं. मला वाटलं माल खराब. दादांनी टेस्टर लावला, मग सॉकेट उघडला, तर अर्थिंगची वायर सॉकेटपर्यंत आलीय आणि स्क्रूला लागलेलीच नाही, नुसती मागे दुमडून ठेवलेली! बिल्डिंग बांधली तेव्हापासून. आतापर्यंत सोडियम लाकडी फळीवरून लटकत होता आणि त्याला पेटलेला असताना हात लावायची कोणाची हिंमत नव्हती म्हणून कळलं नाही. एलईडीचा बोर्ड म्हणजे भलामोठा धातूचा पत्रा असतो आणि त्याखाली आपण ओल्या हाताने काम करतो. तेव्हा बोर्ड यायच्या आधी अर्थिंग तपासून घ्या, प्लीज. दादांचे सगळे मिळून १,२०० झाले.

टायमर पण बदलले. जुने गोल फिरणारे होते, त्यांचा प्रॉब्लेम असा की लाईट गेली की तेही थांबतात, आणि दुरुस्तीसाठी गुरुवारी लाईट जाते हे पुणेकरांना काय सांगायचं. तीन गुरुवारांनंतर माझ्या झाडांची सकाळ दुपारी बाराला व्हायची. बॅटरीवाले डिजिटल, दोन, १,३०० रुपये.

इथपर्यंत मला वाटत होतं की झालं. २९ ऑगस्टला लेट्यूसची मधली पानं पांढुरकी झालेली दिसली, कडा वर वळलेल्या, पापडासारख्या. मी आधी खताला दोष दिला, मग पाण्याला, मग ऑगस्टमधल्या दमट हवेला. आणि मग लक्षात आलं की चूक माझ्या हाताची आहे. अगदी शब्दशः. सात वर्षं मी सोडियमची उंची हाताने ठरवायचे, पानाच्या उंचीवर तळवा धरायचा, चटका लागला तर दिवा वर. एलईडीखाली तळवा धरला तर काही लागतच नाही, म्हणून मी बोर्ड फूटभरावर आणून ठेवला होता आणि डिमर पूर्ण. ॲपने मोजलं तर ५५ हजार लक्स. ७० ने भागा, जवळजवळ ८०० मायक्रोमोल. लेट्यूसला २०० ते २५० पुरतात! एलईडी वरच्या बाजूने, पत्र्यामागून गरम होतो, त्याची उष्णता सोडियमसारखी खाली पानांवर फेकली जात नाही. त्यामुळे हाताला दिवा गार लागतो आणि पान जळत असतं.

बोर्ड दोन फुटांवर नेला, डिमर निम्म्याच्या थोडा वर, मीटरवर ११० वॅट, लक्स साधारण १७-१८ हजार. चौदा तास. म्हणजे दिवसभरात पडलेले सगळे कण मिळून साडेबारा मोल (एक मोल म्हणजे दहा लाख मायक्रोमोल), लेट्यूस खूश. नवीन पानं गणपतीपर्यंत व्यवस्थित आली. २०० वॅटचा बोर्ड घेऊन ११० वर चालवते हे काही वाया नाही, एलईडी कमी वॅटवर गारही राहतो आणि वॅटमागे थोडा जास्तच देतो. पण हो, लेट्यूसच लावायचं असेल तर १२० चा बोर्ड पुरला असता, तीन-चार हजार वाचले असते, हे आता कळतंय.

सप्टेंबरमधे चिलटं आली. कुंडीतून उठणारी बारीक काळी, चहाच्या कपात पडणारी. पाणी मी रोजच्यासारखंच देत होते, सकाळी एक जग, सात वर्षांची सवय. सोडियम त्या एका जगातलं अर्धं पाणी हवेत उडवायचा, ते कधी लक्षातच आलं नव्हतं. आता खोली गार, पानाला ऊब नाही, झाड पाणी कमी ओढतंय आणि मी त्याच मापाने ओततेय. चार बेसिल मुळं कुजून गेली. पिवळे चिकट कागद लावले, दोन-अडीच आठवडे माती वरून पूर्ण सुकू दिली, मग चिलटं गेली. आता बोट खुपसून बघते, दोन पेरं कोरडं लागलं तरच पाणी, साधारण एक दिवसाआड.

ऑक्टोबरमधे त्याचंच दुसरं टोक. लेट्यूस झपाट्याने वाढत होता पण आतल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी, करपल्यासारख्या. कॅल्शियम कमी म्हणून मी कॅल्शियमचं खत आणायला निघालेच होते. पण कॅल्शियम पाण्याबरोबर चढतं, पानातून पाणी उडालं तर वर ओढलं जातं, आणि आतल्या मिटलेल्या पानांभोवती हवा हलतच नव्हती. सोडियमच्या काळात गरम हवा वर, गार हवा खाली, असं वारं आपोआप फिरायचं. ९०० रुपयांचा छोटा फॅन, भिंतीकडे तोंड करून, मंद. दहा दिवसांत नवीन पानं स्वच्छ. खत आणलंच नाही.

आणि मग डिसेंबर. याची तक्रार झाडांच्या आधी सासूबाईंनी केली. आमच्याकडे थंडीत विरजण आणि इडलीचं पीठ त्या खोलीत ठेवायची पद्धत होती, सोडियम आहे म्हणून. मी विसरूनच गेले होते. रात्री विरजलेलं दही सकाळी दूधच. “खोली मेली गं तुझी,” त्या म्हणाल्या. थर्मामीटर बघितला, सकाळी १८. बेसिलच्या बिया पंधरा दिवस उगवल्या नाहीत, उगवल्या त्या रोपांनी दोन पानं काढून संप पुकारला. लेट्यूस मात्र इतका चांगला कधीच आला नव्हता, त्याला तेच पाहिजे होतं. तर एकाच खोलीत दोन हवामानं कशी करायची? शेवटी ड्रायव्हर बोर्डवरून सोडवून रॅकच्या वरच्या फळीखाली हवेशीर लावला (दादांना परत बोलावलं, ते ओळखीने आले, पैसे घेतले नाहीत), त्याच्यावरच्या फळीवर बियांचे ट्रे. तिथे चार-पाच डिग्री जास्त असतं. बेसिल सहा दिवसांत उगवलं.

जुन्या दिव्यांचं काय करायचं यात जानेवारी गेला. भंगारवाले दादा चोक बघून हरखले, तांबं असतं ना, सहा छोटे आणि एक मोठा मिळून ७४० दिले. ट्यूब पण द्या म्हणाले, बाकीच्या कचऱ्यात जातात. नाही दिल्या. ट्यूबमधे पारा असतो, सोडियमच्या बल्बमधेही असतो, आणि ई-कचऱ्याच्या नियमात पारावाले दिवे येतात. माझ्याकडे चालू-बंद मिळून अकरा ट्यूब. एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात, तिथून ‘साहेब आल्यावर फोन करा’, साहेब आले तेव्हा ‘फक्त कॉम्प्युटर घेतो’. तिसऱ्या फेरीत एक संकलन केंद्र सापडलं, त्यांनी ट्यूब वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात उभ्या आणायला सांगितल्या, नाव-पत्ता-नगांची संख्या असा एक फॉर्म, पावती, पैसे नाहीत. आधी फोन करून दिवे घेता का हे स्पष्ट विचारा, ‘ई-कचरा घेता का’ असं विचारलं तर सगळे हो म्हणतात.

अकरातल्या दहाच पोचल्या. एक जिन्यात फुटली. तेव्हा झाडू मारायचा नाही, व्हॅक्यूम तर अजिबात नाही, खिडक्या उघडून दहा-पंधरा मिनिटं सगळ्यांनी लांब जायचं, मग पुठ्ठ्याने काचा गोळा करून बारीक कण चिकटपट्टीने उचलायचे आणि सगळं बंद बरणीत. खालच्या मजल्यावरच्या काकू विचारत होत्या एवढं काय सांडलंय.

हिशोब. बोर्ड, बॅटन, मीटर, टायमर, फॅन, इलेक्ट्रिशियन आणि जांभळ्या प्रकरणाचे १८० धरून १८,३१०. भंगाराचे ७४० वजा करायचे तर करा. बिल मात्र लगेच आधीच्या महिन्याशी ताडून बघू नका, थंडीत एसी-पंखा नसतो, ते तसंही उतरतं आणि आपण उगाच खूश होतो. मी जानेवारी जानेवारीशी लावला. जानेवारी २०२४: ४६८ युनिट, ६,१०० च्या घरात. जानेवारी २०२५: २८९ युनिट, ३,३०० च्या थोडं वर, आणि मधे एप्रिलमधे दर वाढलेत ते वेगळंच. यातली खरी गंमत ३०० च्या रेषेची आहे. स्लॅब, म्हणजे युनिटच्या दराचा टप्पा, १००, ३०० आणि ५०० ला बदलतो, वरच्या स्लॅबचं युनिट बरंच महाग आणि त्या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क, त्यामुळे पहिले वाचलेले युनिट सगळ्यात महागातले असतात. जे आधीच २०० मधे आहेत त्यांचे पैसे इतक्या लवकर सुटणार नाहीत, हे धरून चला. माझे सहा-सात महिन्यांत सुटतील असं दिसतंय. मंजूर भाराचा अर्धा भरलेला अर्ज अजून ड्रॉवरमधे आहे.

व्हायलेट्सचं राहिलंच. बॅटनखाली त्यांची पानं पहिल्या महिन्यात घट्ट मिटून मधे गोळा झाली, म्हणजे उजेड जास्त. सासूबाईंनी कोणाला न विचारता बॅटनवर बटर पेपर चिकटवला. आता सातपैकी पाच फुलल्यात. दह्याचं भांडं त्यांनी बियांच्या ट्रेच्या शेजारी, ड्रायव्हरवरच्या फळीवर ठेवायला सुरुवात केलीय, त्यामुळे माझ्या टोमॅटोच्या ट्रेला जागा नाही, आणि परवा मला विचारत होत्या की तो मोठा पिवळा दिवा नक्की देऊनच टाकला का.